शस्त्रपरवाना आणि नागरिकत्वाचा पुरावा : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

शस्त्र बाळगण्याचा परवाना देताना अर्जदाराकडून नागरिकत्वाचा पुरावा मागावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ प्रशासकीय स्वरूपाचा वाटतो. अर्जासोबत जोडावयाच्या कागदांच्या यादीत आणखी एका कागदाची भर, एवढेच त्याचे महत्त्व आहे असा समज होतो. परंतु थोडा खोलात जाऊन विचार केला असता या मागणीमागे राज्यसंस्था आणि व्यक्ती यांच्या परस्परसंबंधाविषयीची एक निश्चित भूमिका दडलेली आढळते. शस्त्र कोणाच्या हाती असावे, हे ठरविताना राज्य खरोखर काय तपासते? अर्जदाराची धोकादायकता, त्याची ओळख, की त्याचे राष्ट्रीयत्व? प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायदा आणि न्यायनिर्णय यांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली असून, तौलनिक दृष्टीने भारतातील शस्त्र अधिनियम, १९५९ मधील तरतुदींचाही विचार केला आहे.

येथे आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. खाजगी व्यक्तींच्या हाती बंदुका असाव्यात की नसाव्यात, हा या लेखाचा विषय नाही. ज्या व्यवस्थेने परवान्याची पद्धत स्वीकारली आहे, त्या व्यवस्थेने निवडलेली कसोटी तिच्या स्वतःच्या उद्दिष्टास उपकारक आहे काय, एवढाच येथील प्रश्न आहे.

तीन भिन्न प्रश्नांची गल्लत

परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर वस्तुतः तीन स्वतंत्र प्रश्न असतात. पहिला, अर्जदार हा तो सांगतो तीच व्यक्ती आहे काय? दुसरा, त्याचे या देशातील वास्तव्य कोणत्या कायदेशीर स्थितीतील आहे? आणि तिसरा, त्याच्या हाती शस्त्र दिल्यास त्याच्यापासून इतरांना किंवा त्याला स्वतःला धोका संभवतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ओळखपत्राने मिळते. दुसऱ्याचे उत्तर नागरिकत्वाच्या किंवा स्थलांतरविषयक कागदांनी मिळते. तिसऱ्याचे उत्तर मात्र कोणत्याही एका कागदाने मिळत नाही. त्यासाठी गुन्ह्यांच्या नोंदी, न्यायालयाचे आदेश, स्थानिक चौकशी आणि काही वेळा वैद्यकीय माहिती यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

नागरिकत्वाच्या पुराव्याचा आग्रह धरणाऱ्या युक्तिवादात या तिन्ही प्रश्नांची सरमिसळ झालेली दिसते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की तिसऱ्याचेही उत्तर मिळाले, असे त्यात गृहीत धरले जाते. ही गल्लत आजची नाही. तिला दीर्घ इतिहास आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेत शस्त्र आणि नागरिकत्व यांची सांगड किती जुनी आहे, हे १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यावरून दिसून येते. कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारताना मुख्य न्यायमूर्ती टॉनी यांनी असे प्रतिपादन केले, की त्यांना नागरिक मानल्यास भाषणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य आणि जेथे जातील तेथे शस्त्र बाळगण्याचे स्वातंत्र्य त्यांना द्यावे लागेल. म्हणजे शस्त्र देता येत नाही, कारण नागरिकत्व नाही, एवढाच हा युक्तिवाद नव्हता. नागरिकत्व द्यावयाचे नाही, कारण मग शस्त्रही द्यावे लागेल, अशी त्याची उलट बाजूही होती. नागरिकत्वाची कसोटी तटस्थ आहे असे मानणाऱ्यांनी हा इतिहास दृष्टिआड करता कामा नये.

विसाव्या शतकाच्या आरंभी हीच कसोटी युरोपातून आलेल्या स्थलांतरितांना लावली गेली. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९०९ मध्ये कायदा करून परदेशात जन्मलेल्या आणि नागरिकत्व न मिळालेल्या रहिवाशांना वन्य प्राण्यांची शिकार करण्यास व त्यासाठी बंदूक बाळगण्यास मनाई केली. पॅट्सोन खटल्यात १९१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालपत्राचा आशय असा, की ज्या वर्गाकडून अनिष्टाची भीती अधिक, तो वर्ग निवडण्याची मुभा राज्याला आहे. त्या वर्गाविषयीची भीती खरी होती की केवळ पूर्वग्रह होता, हे तपासण्याचे दायित्व मात्र न्यायालयाने स्वतःकडे घेतले नाही.

या इतिहासाचा भारतीयांशी थेट संबंध येतो तो १९२३ साली. त्या वर्षी भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे नागरिकत्वास पात्र ‘श्वेतवर्णीय’ नाहीत, असा निर्णय दिला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने नागरिकत्व न मिळालेल्या परदेशी जन्माच्या व्यक्तींना लपवून बाळगता येण्याजोगी शस्त्रे ठेवण्यास बंदी करणारा कायदा केला. कॅलिफोर्नियातील शेतांवर राबणाऱ्या, मुख्यतः पंजाबी असलेल्या भारतीयांच्या दृष्टीने या दोन घटनांचा एकत्रित परिणाम उघड होता. एका कायद्याने नागरिकत्वाचा दरवाजा बंद केला आणि दुसऱ्याने नागरिकत्व नाही म्हणून शस्त्र नाकारले. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्यापर्यंत ही अवस्था टिकून राहिली. जो पुरावा मिळविण्याचा मार्गच राज्याने रोखून धरला आहे, तोच पुरावा परवान्यासाठी मागणे ही पात्रतेची परीक्षा नव्हे. ती बहिष्काराचीच दुसरी पायरी होय.

कॅलिफोर्नियाचा हा कायदा १९७२ मध्ये रॅपर्ड खटल्यात तेथील अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. परकीय असणे आणि शस्त्राचा गुन्हेगारी वापर करण्याची शक्यता यांत तर्कसंगत संबंध दाखविता येत नाही, हे त्या निर्णयाचे मर्म होते. पॅट्सोन खटल्यात जो प्रश्न विचारलाच गेला नव्हता, तो सुमारे सहा दशकांनी विचारला गेला, आणि त्याचे उत्तर प्रतिकूल आले.

‘लोक’ म्हणजे कोण?

२००८ च्या हेलर निर्णयाने हा वाद नव्या भूमीवर आणला. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने ‘लोकांचा’ शस्त्र बाळगण्याचा अधिकार मान्य केला असून तो व्यक्तिगत स्वरूपाचा आहे, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले. २०१० च्या मॅक्डोनल्ड निर्णयाने हा अधिकार राज्यांवरही बंधनकारक झाला. परंतु न्यायमूर्ती स्कॅलिया यांच्या निकालपत्रात एक विसंगती राहून गेली. घटनेचा शब्द ‘लोक’ असा आहे, तर निकालपत्रात ठिकठिकाणी ‘कायद्याचे पालन करणारे नागरिक’ अशी शब्दयोजना येते. २०२२ च्या ब्रुएन निर्णयातही तिचीच पुनरुक्ती झाली. त्या दोन्ही खटल्यांतील पक्षकार नागरिकच होते, त्यामुळे हे शब्द नियम म्हणून वापरले की केवळ वर्णन म्हणून, याचा निवाडा करण्याचा प्रसंग आला नाही.

या संदिग्धतेचे परिणाम कनिष्ठ न्यायालयांत उमटले. २०११ मध्ये पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने पोर्टिलो-मुन्योझ खटल्यात बेकायदा वास्तव्य करणारी व्यक्ती ‘लोक’ या संज्ञेत मोडत नाही असे म्हटले. २०१५ मध्ये सातव्या विभागीय न्यायालयाने मेझा-रॉड्रिग्ज खटल्यात नेमके उलट मत दिले, मात्र बंदी अन्य कारणांस्तव कायम ठेवली. कायम रहिवाशांच्या बाबतीत चित्र तुलनेने स्पष्ट आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यानुसार ग्रीन कार्ड असलेल्यांनाही पिस्तुलाचा परवाना मिळत नसे. फ्लेचर खटल्यात २०१२ साली संघीय जिल्हा न्यायालयाने असा रहिवासी हा ‘लोकां’पैकीच आहे, असा निर्णय देऊन ती आडकाठी दूर केली. या निर्णयामागे १९९० च्या व्हर्डुगो खटल्यातील सूत्र आहे. ज्यांनी राष्ट्रीय समुदायाशी पुरेसा संबंध जोडला आहे, त्यांचा ‘लोक’ या संज्ञेत समावेश होतो, असे ते सूत्र सांगते. संबंध हा वास्तव्याने, कुटुंबाने आणि श्रमाने जुळतो. तो केवळ जन्मदाखल्याने सिद्ध होत नाही.

२०२४ च्या रहीमी निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने दिशा अधिक स्पष्ट केली. दुसऱ्याच्या जीविताला धोका असल्याचे न्यायालयीन आदेशात नमूद झालेल्या व्यक्तीस तात्पुरते निःशस्त्र करता येते, असे आठ विरुद्ध एक मतांनी ठरले. येथे विचार केला गेला तो व्यक्तीच्या वर्तनाचा, तिच्या राष्ट्रीयत्वाचा नव्हे. घरातील स्त्रीला मारहाण करणारा इसम जन्माने नागरिक असू शकतो आणि त्याच्याजवळ नागरिकत्वाचा निर्दोष पुरावाही असू शकतो. तो पुरावा त्या स्त्रीचे रक्षण करीत नाही.

अर्जाचा नमुना आणि त्याचे कार्य

न्यायनिर्णयांकडून प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळल्यास आणखी काही गोष्टी लक्षात येतात. संघीय कायद्यानुसार परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेताना खरेदीदारास ४४७३ क्रमांकाचा नमुना भरावा लागतो. त्यात तो कोणत्या देशाचा नागरिक आहे हे नमूद करावयाचे असते. दुकानदार छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र पाहतो, नागरिकत्वाचा दाखला मागत नाही. खरेदीदाराने आपण परकीय असल्याचे नमूद केले, तर १९९८ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय तपासणी यंत्रणेमार्फत स्थलांतर खात्याच्या नोंदीही तपासल्या जातात. म्हणजे ही तपासणी मुख्यतः खरेदीदाराच्या स्वतःच्या कथनावर अवलंबून असते.

नागरिकत्वाचा कागद सक्तीचा करावा असे म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार हीच त्रुटी आहे, आणि ती खरी आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु खोटे कथन हा आजही गंभीर गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. शिवाय नागरिकत्वाचा खोटा दावा करणाऱ्या परकीय व्यक्तीस त्या देशात कायम राहण्याची आशाही बहुधा सोडावी लागते. दुसरे असे, की स्वतःची कायदेशीर स्थिती अर्जदारास नेहमीच अचूक ठाऊक असते असे नाही. २०१९ च्या रेहाइफ खटल्यातील आरोपी विद्यार्थी-व्हिसावर आला होता. विद्यापीठातून नाव कमी झाल्यावर त्याचा दर्जा बदलला. त्यानंतर त्याने नेमबाजीच्या मैदानावर बंदूक चालविली. आपण बंदी असलेल्या वर्गात मोडतो याची जाणीव आरोपीस होती, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. कायदेशीर स्थिती ही अशी बदलती वस्तू आहे. एके दिवशी दाखविलेला कागद पुढील वर्षाची हमी देऊ शकत नाही.

या कायद्यातील वर्गवारीही विचार करण्यासारखी आहे. १९९८ च्या दुरुस्तीनुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूक बाळगण्यास बंदी आहे. परंतु राज्याचा वैध शिकार-परवाना असल्यास ही बंदी उठते. एच-वन-बी व्हिसावर दहा-पंधरा वर्षे नोकरी करून ग्रीन कार्डाच्या रांगेत उभी असलेली अनेक भारतीय कुटुंबे, त्यांत मराठी कुटुंबेही आली, या तरतुदीनुसार अल्पकालीन पाहुण्यांच्याच वर्गात मोडतात. तेथेच शिकारीसाठी काही दिवस आलेला पाहुणा मात्र अपवादाचा लाभ घेतो. या कुटुंबांना बंदूक हवी असते असे येथे सुचवावयाचे नाही. वर्गवारी धोक्याच्या मापाने झालेली नाही, एवढेच दाखवावयाचे आहे.

पुराव्याचा भार कोणावर?

नागरिकत्वाचा पुरावा मागितला की त्याचा भार केवळ परकीयांवर पडतो, हा आणखी एक भ्रम होय. न्यूयॉर्क शहराच्या पिस्तूल-परवान्याच्या अर्जनियमांत परदेशात जन्मलेल्या अर्जदारांकडून नागरिकत्वप्राप्तीचे कागद मागितले जात आले आहेत. म्हणजे ज्याचे नागरिकत्व कायद्याच्या दृष्टीने इतरांच्या बरोबरीचे आहे, त्या नागरिकालाच ते पुन्हा सिद्ध करून दाखवावे लागते.

या बाबतीत मतदानाच्या क्षेत्रातील अनुभव बोधप्रद आहे. कॅन्सस राज्याने मतदारनोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा सक्तीचा केला. ही सक्ती २०१३ पासून अमलात आली. तिच्यामुळे तीस हजारांहून अधिक अर्जदारांची नोंदणी अडली. उलटपक्षी, मागील एकोणीस वर्षांत नोंदणी झालेल्या वा नोंदणीचा प्रयत्न केलेल्या अनागरिकांची जी प्रकरणे न्यायालयापुढे आली, त्यांची संख्या चाळीसच्याही आत होती. २०१८ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने ही तरतूद रद्दबातल ठरविली.

येथे राजकीय मतप्रवाहांतील एक विसंगती नोंदविणे अगत्याचे वाटते. मतदानासाठी कागद मागणे हा अन्याय आहे असे म्हणणारे अनेकजण बंदुकीसाठी कितीही कागद मागितले तरी त्यास आक्षेप घेत नाहीत. याउलट, बंदुकीच्या बाबतीत प्रत्येक कागद ही स्वातंत्र्यावरील घाला मानणारे मतदानासाठी मात्र जन्मदाखल्याचा हट्ट धरतात. दोन्ही पक्षांना आपल्या नावडत्या अधिकारापुरताच कागद निरुपद्रवी वाटतो. मत आणि बंदूक यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे खरेच. बंदुकीने होणारी हानी भरून येत नाही, म्हणून तेथे तपासणी अधिक कडक असणे रास्त आहे. परंतु कडक तपासणी आणि असंबद्ध तपासणी यांत फरक करावा लागतो.

भारतीय कायद्याचा दृष्टिकोन

भारतात शस्त्रविषयक कायद्याचा आरंभच वंशभेदातून झाला. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या कायद्याने भारतीयांस परवान्याची सक्ती केली, तर युरोपीयांस सूट दिली. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून या भेदाविरुद्ध आवाज उठविला गेला. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या अधिकाराचा समावेश होता. मात्र डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी असा अधिकार मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती फेटाळली गेली. परिणामतः भारतात शस्त्र हा परवान्याचा विषय राहिला, मूलभूत हक्काचा झाला नाही.

१९५९ च्या अधिनियमातील कलम १३ (३) या दृष्टीने लक्षणीय आहे. संरक्षण वा क्रीडेसाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक, अथवा पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणारा भारताचा नागरिक असेल, तर परवाना द्यावा असे ते सांगते. इतर प्रकरणांत अर्जदाराजवळ सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. म्हणजे येथे नागरिकत्व ही सरसकट अडसर घालणारी अट नाही. काही मर्यादित शस्त्रांपुरते ते अर्जदारास झुकते माप देणारे कारण आहे. अपात्रतेच्या कसोट्या मात्र स्वतंत्र आहेत : वय, हिंसेच्या वा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील शिक्षा, मानसिक स्थिती, सार्वजनिक शांतता. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस ठाण्याचा अहवाल मागविणे आवश्यक केले. आणखी एक तरतूद विशेष मोलाची आहे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ (२) सांगते. संपत्ती हा विश्वासार्हतेचा पुरावा नव्हे, हे कायदेमंडळाने १९५९ मध्येच ओळखले होते.

भारतीय संदर्भात पुराव्याची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. येथे नागरिकत्व सिद्ध करणारा, सर्वांजवळ असणारा असा एकच दाखला नाही. २०१६ च्या आधार अधिनियमाच्या कलम ९ नुसार आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. केवळ आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. अशा स्थितीत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याकडून नागरिकत्वाचा काटेकोर पुरावा मागावयाचे ठरल्यास अडचण घुसखोराची होणार नाही. ती त्या शेतकऱ्याचीच होईल. त्याच्या बाबतीत गावच्या पोलीस ठाण्याचा प्रामाणिक अहवाल हा कोणत्याही दाखल्याहून अधिक सांगून जातो.

प्रमुख आक्षेपाचा विचार

नागरिकत्वाच्या कसोटीच्या बाजूने एक वजनदार युक्तिवाद शिल्लक राहतो. परदेशातून आलेल्या व्यक्तीच्या पूर्वायुष्याच्या नोंदी येथील यंत्रणेस उपलब्ध नसतात, म्हणून तिच्या धोकादायकतेचा अंदाज बांधता येत नाही. हा युक्तिवाद टाळता येणार नाही. परंतु तो नीट तपासला असता नागरिकत्वाचे समर्थन करीत नाही. तो समर्थन करतो वास्तव्याच्या कालावधीचे. वीस वर्षे एकाच गावी राहिलेल्या कायम रहिवाशाच्या नोंदी स्थानिक यंत्रणेजवळ भरपूर असतात. याउलट, अमेरिकन पालकांच्या पोटी परदेशात जन्मून तेथेच वाढलेला इसम पारपत्र घेऊन प्रथमच त्या देशात उतरला, तर त्याच्याविषयी काहीच नोंद नसते, आणि तरीही नागरिकत्वाच्या कसोटीस तो उतरतो. जी कसोटी अज्ञाताला आत घेते आणि ज्ञाताला बाहेर ठेवते, ती अज्ञाताच्या भीतीवर उपाय होऊ शकत नाही.

निष्ठेचा युक्तिवादही केला जातो. राज्याच्या वतीने बळ वापरणाऱ्याने नागरिक असावे, असे १९७८ च्या फोली खटल्यात न्यूयॉर्कच्या राज्य पोलिसांसंबंधी मान्य झाले होते. परंतु पोलिसाची बंदूक हे शासनाचे साधन आहे, तर परवानाधारकाची बंदूक ही खाजगी वस्तू आहे. शिवाय त्या क्षेत्रातही विचार पालटत आहे. इलिनॉय राज्याने २०२३ साली केलेल्या आणि २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्याने काम करण्याची कायदेशीर मुभा असलेल्या अनागरिकांस पोलीस सेवेत प्रवेश खुला केला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की शस्त्रपरवान्याच्या संदर्भात नागरिकत्वाचा पुरावा ही कसोटी ज्या उद्दिष्टासाठी पुढे केली जाते, ते उद्दिष्ट तिच्यामुळे साधत नाही. अर्जदाराची ओळख पटविण्यासाठी ती अनावश्यक आहे आणि त्याची धोकादायकता ठरविण्यासाठी अपुरी. वास्तव्य कायदेशीर आहे की नाही, हे पाहण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला तरी त्यासाठी स्थलांतर खात्याच्या नोंदींची पडताळणी पुरेशी आहे आणि ती करण्याचे काम शासनाचे आहे. पुरावा गोळा करण्याचा सर्व भार अर्जदारावर टाकणे न्याय्य ठरत नाही. त्याऐवजी वास्तव्याचा किमान कालावधी, स्थानिक पोलिसांची जबाबदारीने केलेली चौकशी, कौटुंबिक हिंसेच्या आदेशांची अद्ययावत नोंद आणि परवान्याची ठराविक मुदतीने फेरतपासणी या गोष्टींवर भर दिला, तर समाजाची सुरक्षितता अधिक साधेल.

कागदाचा एक दोष असा, की तो मिळाला म्हणजे तपासणी पूर्ण झाली असे अधिकाऱ्यास वाटू लागते. जन्मदाखला पाहून निश्चिंत झालेला अधिकारी अर्जदाराच्या शेजाऱ्याला, पत्नीला किंवा गावच्या पोलीस पाटलाला काही विचारीत नाही. शस्त्राच्या बाबतीत ही निश्चिंतता समाजाला परवडणारी नाही.